खणाचा तुकडा घेऊन लॅपटॉप बघायला

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरायचं आणि चालत लॅमिंग्टन रोड गाठायचा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलंय, पण टॅक्सीवाला, हमाल आणि गिऱ्हाईक तिघंही जुनंच नाव घेतात. सकाळी अकराच्या सुमाराला शटर वर जायला लागतात, हातगाडीवरून खोकी उतरत असतात, चहावाला पहिली फेरी मारत असतो. मी हीच वेळ धरते. दुपारनंतर काउंटरवर गर्दी उसळते आणि डेमोच्या मशीनला पाच मिनिटंही निवांत हात लावता येत नाही. मला निदान तासभर लागतो.

ध्वनिमुद्रण आणि व्हिडिओ संकलन हे माझं रोजचं काम. त्यामुळे घरात, शेजारात कुणाला लॅपटॉप घ्यायचा असला की मला सोबत नेतात. या वेळी भाची होती. मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला गेलीय, घरी बसून व्हिडिओचं काम करायचंय. बजेट साठ हजार, ताणून पासष्ट. शिवाय माझ्या आईसाठी, म्हणजे तिच्या आजीसाठी, एक टॅब. माझ्या पिशवीत तीन वस्तू होत्या: पेनड्राइव्ह, वायरचा हेडफोन आणि डाळिंबी खणाचा वीतभर तुकडा.

"मावशी, खण कशाला गं?" भाचीनं विचारलं.

काउंटरवरच्या मुलानं दोन लॅपटॉप पुढ्यात ठेवले. दोन्ही साडेपंधरा इंचांच्या आसपासचे, दोन्हींवर फुल एचडीचं स्टिकर. "सोळा जीबी, पाचशे बारा एसएसडी, सेम टू सेम आहे मॅडम, फक्त कंपनी वेगळी." किमतीत चार हजारांचा फरक. मी पेनड्राइव्ह लावला आणि त्याच खणाचा, घरी दिवसाउजेडी काढलेला फोटो दोन्हींवर उघडला. मग तुकडा पडद्याच्या कडेला धरला. पहिल्या पडद्यावर डाळिंबी रंग विटकरी झाला होता आणि काठातला हिरवा शेवाळी. दुसऱ्यावर तो डाळिंबीच राहिला. अगदी हुबेहूब नाही, कारण फोटो काढताना फोनही आपल्या मनानं रंगात फेरफार करतो. पण दोन पडदे शेजारी असले की फरक लपत नाही. भाचीनं खण दोनदा इकडून तिकडे नेला आणि गप्प झाली.

याचं कारण लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतं. '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेला पडदा एसआरजीबी या नेहमीच्या रंगपट्ट्यातले जेमतेम साठ-पासष्ट टक्के रंग दाखवतो. '७२ टक्के एनटीएससी' किंवा '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलं असेल तर काम भागतं. व्यवहारात हे दोन्ही जवळजवळ एकच. पत्रं लिहायला, हिशेब करायला पहिला पडदा पुरतो. रंगाचं काम करणाऱ्या माणसानं मात्र तो घेऊ नये. फिक्या पडद्यावर बसून लग्नाच्या व्हिडिओचे रंग लावले तर हात आपोआप जास्त रंग ओततो, आणि तोच व्हिडिओ चांगल्या फोनवर पाहिला की नवरीचा चेहरा लालभडक दिसतो. असं काम परत आलेलं मी पाहिलंय.

पेनड्राइव्हमध्ये पाच साधी चित्रं असतात: पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं. एकेक पडदाभर लावायचं. पांढऱ्यावर ठिपका दिसला तर आधी रुमालानं पुसायचं, मग मेलेला पिक्सेल म्हणायचं. काळ्यासाठी अंधार लागतो, आणि दुकानात डोक्यावर ट्यूबलाइटच ट्यूबलाइट. आम्ही भाचीची ओढणी डोक्यावरून पडद्यापर्यंत ओढून घेतली, जुने फोटोग्राफर काळं कापड घ्यायचे तशी. आत डोळे स्थिरावले तेव्हा एका लॅपटॉपच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात दुधाळ उजेड पाझरताना दिसला. मग 'तुंबाड'चा ट्रेलर लावला. २०१८चा तो सिनेमा पाऊस, वाडा आणि कंदील यांच्यावरच उभा आहे. वाईट पडद्यावर त्यातला अंधार राखाडी होतो आणि भिंतीचा पोत दिसेनासा होतो. नंतर मशीन उचलून दुकानाच्या दारात नेलं. अडीचशे निट्स उजेडाचा पडदा आत झगझगीत वाटतो आणि बाहेरच्या उजेडात त्यात आपलाच चेहरा दिसतो. दाराशी तीनशेवाला थोडा बरा ठरला.

पडद्यावर माणसं वेळ घालवतात तरी. आवाज मात्र कुणी ऐकतच नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. दुकानदार एखादं ढणढणाटी गाणं लावतो, आवाज पूर्ण वाढवतो, "बघा किती मोठा," म्हणतो. मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज नव्हे. मी माझ्याकडचं एका भजनाचं मुद्रण लावते. भजनात तपासणीला लागणारं सगळं एका जागी मिळतं: वर टाळ, मधे माणसाचा गळा, खाली डग्गा. चांगल्या स्पीकरवर टाळाचा नाद उठतो आणि हळूहळू विरतो. हलक्यावर तो पत्र्यावर खडे टाकल्यासारखा चिरकतो. डग्ग्याचा घुमारा एवढ्याशा स्पीकरमधून पुरता कधीच येत नाही, हवा ढकलायला तिथं जागाच नाही. पण थाप पडली एवढं तरी कळायला हवं. आणि आवाज वाढवत नेताना तळहात कीबोर्डच्या शेजारी टेकवून ठेवायचा. फळकूट झिणझिणायला लागलं की तिथे त्या यंत्राची मर्यादा संपली. एका लॅपटॉपचं ऐंशीवर झिणझिणलं, दुसरा पूर्ण वाढवूनही शांत होता.

पुढचं त्याच भजनावर. यंत्र टेबलावरून उचलून मांडीवर घ्यायचं. पुष्कळ लॅपटॉपचे स्पीकर पोटाखाली असतात. टेबलावर आदळून वर येणारा आवाज मांडीवर किंवा दुलईवर दबतो. शेवटी हेडफोन. चार्जर लावून आणि काढून, दोन्ही वेळा गाणं थांबवून शांतता ऐकायची. चार्जर लावल्यावर कानात बारीक गुणगुण आली तर संकलनाच्या कामाला ती कायमची डोकेदुखी. धातूच्या अंगाच्या मशीनला दोन पिनांचा चार्जर असेल तर मनगटाला हलक्या मुंग्याही येतात. अर्थिंगची तिसरी पिन असलेला चार्जर तेवढ्यासाठी बरा.

प्रोसेसरच्या नावानं लोक फार घाबरतात, तिथं एकच गोष्ट सांगते. नावातला मोठा आकडा म्हणजे नवी जात असं नाही. एएमडीचे रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू दुकानात सख्खे भाऊ म्हणून विकले जातात. पण त्या मालिकेत तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. पहिल्यात जुनी झेन २ रचना आणि चार कोअर, दुसऱ्यात झेन ३ आणि सहा कोअर. व्हिडिओचं काम करणाऱ्याला हा फरक रोज जाणवेल. यूट्यूबवर आता एव्ही१ या पद्धतीनं दाबलेले व्हिडिओ खूप असतात. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढे ते उलगडायची सोय चिपमध्येच आहे. त्याआधीच्या मशीनवर फोर-के व्हिडिओ लावला की सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा ओरडायला लागतो.

रॅमसाठी टास्क मॅनेजर उघडायचा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर टिचकी मारायची. किती स्लॉट, किती भरलेले, तिथं दिसतं. रॅम बोर्डालाच चिकटवलेली असेल तर आज घेतलेली शेवटपर्यंत. म्हणून मी आठ जीबीची मशीन भाचीला दाखवूच दिली नाहीत. डिस्क पाचशे बाराची सांगितली आणि विंडोजमध्ये चारशे शहात्तर दिसली तर दुकानदाराशी भांडू नका. तो मोजण्याच्या दोन पद्धतींमधला फरक आहे.

खरी परीक्षा दमाची. भाचीनं फोनवर काढलेल्या क्लिप आणल्या होत्या. विंडोज ११ सोबत येणारं क्लिपचॅम्प उघडून तिनं चार मिनिटांचा तुकडा जोडला, तो बाहेर काढायला लावला आणि फोनवर स्टॉपवॉच चालू केलं. मग तोच तुकडा लगेच दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. पहिल्या लॅपटॉपला सव्वातीन मिनिटं, मग साडेतीन, मग साडेचारच्या वर. तोवर कीबोर्डचा मधला भाग बोट ठेववेना इतका तापला होता. ताप वाढला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. दुकानातलं दोन मिनिटांचं कौतुक अशा वेळी फसवं ठरतं. दुसऱ्याचे तिन्ही आकडे दहा सेकंदांच्या आत-बाहेर राहिले. मग चार्जर काढून चौथी फेरी. बॅटरीवर काही यंत्रं निम्म्यावर येतात. मुलगा सुरुवातीला कंटाळला होता. तिसऱ्या फेरीला तोच आमच्या शेजारी उभा राहून सेकंद मोजत होता, आणि म्हणाला, "हे आम्हालापण कुणी नाही सांगितलं, ताई."

काम संपल्यावर खात्यातून बाहेर पडायचं आणि आपल्या फायली पुसायच्या, हे विसरू नये.

वरच्या मजल्यावर जुन्या लॅपटॉपचे गाळे आहेत. कार्यालयांतून तीन-चार वर्षांनी बाहेर पडलेली थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक तिथं येतात आणि त्यांची बांधणी पुष्कळ नव्या मशीनपेक्षा दणकट असते. माझं स्वतःचं दुसरं मशीन असंच घेतलेलं आहे. पण तिथं दोन गोष्टी बघितल्याशिवाय पैसे काढू नयेत. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', जागा सोडून 'स्लॅश बॅटरीरिपोर्ट' टाइप केलं की बॅटरीचं प्रगतिपुस्तक तयार होतं. मूळ क्षमता पंचेचाळीस हजार आणि आता पूर्ण भरल्यावर सत्तावीस हजार असं दिसलं, तर साठ टक्केच जीव उरलाय. नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागा. दुसरं, मशीन कंपनीच्या कुलुपातून सुटलंय का. माझ्या एका मैत्रिणीनं एका गाळ्यावरून छान लॅपटॉप घेतला, महिन्याभरानं विंडोज नव्यानं टाकली, आणि पडद्यावर भलत्याच कंपनीचं लॉगिन उभं राहिलं. पैसे बुडाले. म्हणून विंडोज तिथल्या तिथे रीसेट करून, इंटरनेट जोडून, सुरुवातीपासून चालू करून दाखवायला सांगा. बायोसमध्ये पासवर्डशिवाय जाता येतंय हेही बघा. आणि इंटेलची सहावी-सातवी पिढी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा: विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ला कंपनीच्या नियमानं आठवी पिढी किंवा पुढची लागते.

आता आईचा टॅब. तिला अभंग ऐकायचे, मोठ्या अक्षरात वर्तमानपत्र वाचायचं आणि नातवंडांना व्हिडिओ कॉल करायचा. इथं प्रोसेसर शेवटी येतो, मनगट आधी. दहा-अकरा इंची टॅब अर्ध्या किलोच्या आसपास असतो. अर्धा किलो साखरेची पुडी एका हातात उभी धरून दहा मिनिटं बसून बघा. आईच्या हाताला संधिवात आहे, म्हणून आम्ही साडेआठ इंची घेतला आणि जोडीला टेकू देणारं कव्हर. स्पीकर दोन्ही कडांना आहेत ना, आणि धरताना तळव्याखाली झाकले जात नाहीत ना, हे आडवा धरून पाहिलं. सिनेमासाठी घेणाऱ्यांनी वाइडवाइन या कॉपी रोखणाऱ्या कुलुपाची पातळी बघावी. ती एल१ नसून एल३ असेल, तर पडदा कितीही सुरेख असो, नेटफ्लिक्ससारख्या सेवा त्यावर साध्या एसडी दर्जाचंच चित्र देतात. डीआरएम इन्फो नावाचं फुकट ॲप टाकलं की अर्ध्या मिनिटात कळतं. टॅब विकताना ही गोष्ट कुणी आपणहून सांगितलेली मला आठवत नाही.

दीड वाजला होता. भाचीनं चार हजार जास्तीचा, दुसरा लॅपटॉप ठरवला. मुलानं वरून सीलबंद खोकं आणलं. इथं घाई करायची नाही, कारण एकाच नावाच्या मॉडेलमध्ये कंपन्या वेगवेगळे पडदे आणि वेगवेगळी रॅम घालतात. डेमोवर पाहिलेला पडदा खोक्यात असेलच असं नाही. नावामागून येणारी अक्षरं-आकड्यांची पूर्ण शेपटी डेमोच्या पोटावर वाचली, खोक्यावर वाचली, दोन्ही जुळली. खोकं काउंटरवरच उघडलं, फोनवर व्हिडिओ काढत. पुन्हा पाच रंग, पुन्हा खण, पुन्हा भजन. दहा मिनिटं लागली.

तुम्हीही ती दहा मिनिटं मागून घ्या. आणि बिलावर मॉडेलची पूर्ण शेपटी आणि सिरियल नंबर लिहून घ्या. नुसतं 'लॅपटॉप, नग १' असं लिहिलेलं बिल घेऊन दुकानाची पायरी उतरू नका.