हेडफोन वायरचा की वायरलेस? कामानुसार करा निवड

ॲपलने २०१६ साली आयफोन ७ मधून हेडफोनची पिन बसवण्याची ३.५ मिलिमीटरची गोल खाच काढून टाकली, तेव्हा वायरच्या हेडफोनचे दिवस भरले, असे अनेकांना वाटले होते. आज दुकानांत वायरलेस इअरबडचीच गर्दी दिसते. तरीही वायर टिकून आहे. त्यामुळे दोहोंत चांगला कोणता, यापेक्षा तो कशासाठी हवा, हे आधी ठरवणे हिताचे.

वायरच्या हेडफोनमध्ये विद्युतसंकेत तारेतून थेट येतो. ब्लूटूथमध्ये फोन प्रथम ध्वनी संक्षिप्त करतो, २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवरून तो पाठवतो आणि इअरबडमधील चिप तो पुन्हा उलगडते. यात सेकंदाचा काही अंश खर्ची पडतो. गाणी वा बातम्या ऐकताना हा विलंब जाणवत नाही. मात्र गेम खेळताना, फोनला जोडलेला कीबोर्ड वाजवताना किंवा स्वतःचा आवाज ऐकत ध्वनिमुद्रण करताना तो खटकतो. शिवाय ऑनलाइन वर्गात वा मुलाखतीत ब्लूटूथचा मायक्रोफोन सुरू होताच अनेक संगणकांवर ऐकू येणाऱ्या आवाजाचा दर्जा साध्या दूरध्वनीइतका खालावतो. अशा बैठ्या कामांना वायरच सरस.

चालताना, स्वयंपाक करताना किंवा बसच्या प्रवासात मात्र वायरचा अडथळाच होतो. नॉइज कॅन्सलेशन असलेले इअरबड इंजिनाची अखंड घरघर बरीच कमी करतात. त्यामुळे आवाज वाढवावा लागत नाही. पावसाळ्याचा विचार करून घेताना खोक्यावरील ‘आयपीएक्स ४’ या खुणेचा अर्थ ध्यानी घ्यावा: पाण्याचे शिंतोडे चालतील, पाण्यात बुडणे नव्हे.

खरा फरक आयुर्मानात आहे. इअरबडमधील इवलीशी लिथियम-आयन बॅटरी काही शे वेळा चार्ज झाल्यावर क्षीण होऊ लागते. ती बहुधा आत चिकटवलेली असल्याने बदलणे अवघड. म्हणजे ध्वनियंत्रणा ठणठणीत असूनही इअरबड ई-कचऱ्यात जातो. वायरचा हेडफोन बहुतेकदा पिनेजवळ तुटतो आणि कुशल कारागीर तेथे डाग देऊन तो पुन्हा सुरू करू शकतो. वायर वेगळी काढता येणारे मॉडेल मिळाले, तर उत्तमच.

फोनला गोल खाच नसेल, तर यूएसबी-सी ॲडॅप्टर घ्यावा. मात्र काही फोन त्या मार्गाने केवळ डिजिटल संकेत देतात. म्हणून ॲडॅप्टरमध्ये डॅक चिप असल्याची खात्री दुकानातच, आपला फोन जोडून करावी.

निवड कोणतीही असो, कान एकदाच मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित असतो. ९० डेसिबलला ही मर्यादा अवघ्या चार तासांवर येते. दुचाकी चालवताना तर दोन्ही प्रकार खिशातच असावेत.

सारांश, दिवसाचा बराच वेळ मेजाशी जात असेल, तर वायर. फिरण्यात जात असेल, तर वायरलेस. आणि वायरलेस घेतला, तरी चार्जिंग ऐनवेळी संपेल तेव्हासाठी एक साधा वायरचा हेडफोन पिशवीत जरूर ठेवावा.