कुलूप चोरासाठी, घरच्यांसाठी नव्हे

आमची पहिली गाडी रमजानमध्ये गेली. रात्री तरावीहहून परतल्यावर भाईजाननी ती रोजच्यासारखी गल्लीच्या तोंडाशी लावली. पहाटे सहरी आटोपून बाहेर पाहिले तर जागा रिकामी. शेजारच्या खालाजान म्हणाल्या, "दोनच्या सुमाराला गाडी सुरू झाल्याचा आवाज आला होता. वाटले, तुमच्यापैकीच कोणी स्टेशनला निघाले असेल." त्या दिवसांत सारा मोहल्ला रात्रभर जागा असतो, म्हणूनच कुणाला शंका आली नाही.

गाडी जुनी, सेकंड-हँड, चावीत चिप नसलेली. बाजारात तिला फार किंमत नव्हती. पण अब्बांना दमा आहे, आणि रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा तर तीच आधार होती. त्यातून विमा फक्त थर्ड पार्टीचा. मोटार वाहन कायद्याने तेवढाच सक्तीचा आहे म्हणून आम्ही तेवढाच भरला आणि पैसे वाचवल्याचे समाधान मानले. थर्ड पार्टी विम्यात आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर भरपाई मिळते. आपलीच गाडी चोरीला गेली तर एक रुपयाही मिळत नाही. हे आम्हाला पोलीस ठाण्याच्या बाकावर बसल्यावर कळले.

गाडी सापडली नाही. दीड वर्षाने पै-पै जमवून दुसरी घेतली. ती घेताना आणि नंतर जे शिकलो, ते आज वाचकांसमोर ठेवत आहोत. त्यात आमची एक मोठी चूकही आहे. तीही सांगणार आहोत, कारण ती आपल्यापैकी कुणाच्याही घरात होऊ शकते.

चोराला हवा असतो वेळ

पंचनाम्याला आलेल्या हवालदारांनी एक गोष्ट सांगितली होती: "कुलूप तुटत नाही असे नसते. ते तुटायला किती वेळ लागतो, एवढेच बघायचे." चोराला गाडी उघडायला, सुरू करायला आणि हलवायला मोजकी मिनिटे हवी असतात. एकाच गल्लीत दोन गाड्या असतील तर तो कमी त्रासाची निवडतो. म्हणून एकाच महागड्या उपकरणावर विसंबण्यापेक्षा साध्या-साध्या तीन-चार अडचणी एकापुढे एक उभ्या करणे शहाणपणाचे.

पहिली अडचण गाडीबरोबरच येते, ती म्हणजे इमोबिलायझर. चावीच्या डोक्यात छोटी चिप असते. गाडीचा संगणक त्या चिपची ओळख पटली तरच इंजिन चालू देतो. नुसती चावीसारखी चावी कापून आणली तर भागत नाही. ब्रिटनमध्ये १९९८ पासून आणि कॅनडात २००७ पासून नव्या गाड्यांना हे सक्तीचे आहे.

ते नसले तर काय होते, हे अमेरिकेत दिसले. तिथे अशी सक्ती नव्हती. २०१५ या मॉडेल-वर्षात ह्युंदाई आणि किया यांच्या तिथल्या मॉडेलांपैकी केवळ २६ टक्के मॉडेलांत इमोबिलायझर मुळातून बसवलेला होता. इतर कंपन्यांत हे प्रमाण ९६ टक्के होते. त्या गाड्या कशा पळवायच्या याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागले आणि २०२१-२२ मध्ये पोरासोरांनी चोऱ्यांचा धुमाकूळ घातला. शेवटी २०२३ मध्ये कंपन्यांना फुकट सॉफ्टवेअर बदलून द्यावे लागले आणि स्टिअरिंगला लावायची साधी लोखंडी कुलुपेही वाटावी लागली.

म्हणून सेकंड-हँड गाडी घेताना रंग आणि टायर पाहण्याआधी विचारा, चावीत चिप आहे का? आणि दोन्ही चाव्या मिळणार आहेत का?

सायरन: ओरडतो, पण कुणी ऐकतो का?

दुसरी अडचण अलार्मची. दार, डिकी किंवा बॉनेट उघडले की, किंवा काचेला धक्का बसला की सायरन वाजतो. फायदा आहे, पण मर्यादाही मोठी आहे. मांजर टपावर उडी मारते, वरातीतले फटाके फुटतात, शेजारून ट्रक जातो, आणि सायरन केकाटतो. आठवडाभरात गल्लीला त्याची सवय होते. मग खरा चोर आला तरी लोक कूस बदलून झोपतात.

यावर उपाय तीन. धक्क्याच्या सेन्सरची संवेदनशीलता वायरमनकडून बेताची करून घ्यावी. बॉनेटलाही स्विच असावा, कारण बॅटरीची वायर काढली की साधा सायरन मुका होतो. शक्य असल्यास स्वतःची छोटी बॅटरी असलेला सायरन घ्यावा. आणि सायरन वाजला की दर वेळी खिडकीतून डोकवावे. आपणच डोकावलो नाही तर शेजाऱ्यांनी का डोकवावे?

छुपा स्विच

तिसरी अडचण आमच्या सगळ्यात कामाची. तिला किल स्विच म्हणतात. आमचा वायरमन 'चोर-बटण' म्हणतो. इंजिन चालायला ज्या गोष्टी लागतात त्यांपैकी एकीची वीज लपवलेल्या बटणाने तोडायची. बटण बंद असताना खरी चावी लावली तरी गाडी जात नाही.

हे मुख्यतः दोन ठिकाणी करतात. एक, स्टार्टरच्या वायरीत. सेल्फ मारला तर इंजिन फिरतच नाही. पण गिअरची गाडी ढकलून सुरू करता येते, एवढी फट त्यात राहते. दुसरे, पेट्रोल पंपाच्या वायरीत. यात गंमत अशी की पाइपात उरलेल्या पेट्रोलवर इंजिन काही सेकंद चालते आणि मग बंद पडते. चोर गाडी घेऊन निघतो आणि थोड्याच अंतरावर, रस्त्याच्या मधोमध अडकतो. तिथे बॉनेट उघडून बघत बसायची हिंमत सहसा होत नाही. सीएनजी किट असेल तर मात्र नुसता पेट्रोल पंप तोडून पुरत नाही. वायरमनला तसे आधी सांगावे.

खर्च फारसा नसतो. एक रिले, एक बटण, थोडी वायर, एक फ्यूज आणि मजुरी. पण काम हलक्या हाताचे नको. पंपाचा सगळा करंट बारीक बटणातून नेला तर बटण तापते, वितळते, आगीचा धोका असतो. बटणाने फक्त रिले चालवावा आणि जड करंट रिलेतून जावा, हीच योग्य पद्धत. स्टिअरिंगखाली असणाऱ्या एअरबॅगच्या वायरींना हात लावू देऊ नये. त्या बहुधा पिवळ्या वेष्टनात असतात. गाडी वॉरंटीत असेल तर वायर तोडण्यापूर्वी शोरूमला विचारावे, नाहीतर वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

आणि सर्वांत महत्त्वाचे: गाडी चालू असताना चुकून धक्का लागून बंद होईल अशा जागी बटण कधीही बसवू नये. इंजिन बंद पडले की स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते. घाटात असे झाले तर चोरापेक्षा मोठे संकट. मोबाइलवरून इंजिन बंद करणाऱ्या जीपीएस यंत्रांबाबतही हीच काळजी घ्यावी. धावत्या गाडीचे इंजिन कधी तोडू नये. चोर चालवत असला तरी रस्त्यावर दुसऱ्यांची मुले असतात.

बटण कुठे लपवायचे? स्टिअरिंगखाली आणि समोरच्या कप्प्यात नको. तिथे चोर आधी चाचपडतो. सीटवर बसून सहज हात पोहोचेल, पण डोळ्यांना दिसणार नाही अशी जागा हवी. आमचे कुठे आहे ते लिहिणार नाही, हे वाचक समजून घेतील.

आमची चूक

आता ती चूक. बटण बसवले तेव्हा आम्ही ठरवले, ही गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही. इतके कडक ठरवले की घरातही ती भाईजान आणि धाकटा भाऊ यांच्यापुरतीच राहिली. भाभी गाडी चालवतात, मुलांना शाळेत सोडतात. पण दिवसा भाईजान बटण चालूच ठेवत आणि रात्री स्वतः बंद करत. त्यामुळे भाभींना कधी कळलेच नाही. "बायकांच्या बोलण्यातून गोष्ट फुटते," असे कुणीतरी म्हणाले होते आणि आम्ही बाकीच्यांनी मान डोलावली होती.

एका रात्री अब्बांना दम्याचा जोरात झटका आला. पंपाने उतार पडेना. भाईजान कारखान्यात रात्रपाळीला, धाकटा पुण्याला. भाभी आणि अम्मीनी अब्बांना कसेबसे गाडीत बसवले. भाभींनी सेल्फ मारला, गाडी सुरू झाली, गल्लीच्या वळणापर्यंत गेली आणि बंद पडली. पुन्हा सेल्फ, पुन्हा सेल्फ. इंजिन फिरत होते, पकडत नव्हते. चोरासाठी केलेला सापळा आमच्याच बापाला घेऊन निघालेल्या सुनेवर चालला होता.

भाभी भाईजानना फोन करत राहिल्या. मशीनच्या आवाजात त्यांना तो ऐकू गेला नाही. शेवटी खालाजानच्या मुलाने रिक्षा काढली. दवाखान्यात पोहोचायला जवळपास अर्धा तास उशीर झाला. अल्हम्दुलिल्लाह, अब्बा बचावले. डॉक्टर एवढेच म्हणाले, "आणखी उशीर नको होता."

सकाळी भाईजान भाभींसमोर बसले तेव्हा त्यांना काय बोलावे सुचेना. भाभी म्हणाल्या, "तुमची चारही मुले मी माझ्या भरवशावर शाळेत नेते. एका बटणाचा भरवसा नव्हता?" याला उत्तर नव्हते. आजही नाही.

त्याच दिवशी आम्ही नियम केला. जो-जो ही गाडी चालवतो, त्याला बटण माहीत असेल आणि त्याने ते डोळे मिटून चालू-बंद करून दाखवलेले असेल. बाकी कुणाला नाही. गॅरेजमध्ये गाडी देताना बटण चालू ठेवायचे आणि त्याचा उल्लेख करायचा नाही. घरात कुणी आजारी असेल तर त्या दिवसांत रात्रीही बटण चालू, आणि त्याऐवजी स्टिअरिंगला लोखंडी कुलूप, ज्याची चावी गाडीच्याच चावीला अडकवलेली.

नव्या गाड्यांचे नवे दुखणे

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांत चावी खिशातच राहते आणि तिचा संदेश गाडी हवेतून ओळखते. दोन चोर मिळून तो संदेश यंत्राने लांबवतात. चावी घरात खुंटीवर, आणि गाडीला वाटते मालक शेजारी उभा आहे. म्हणून अशी चावी दारा-खिडकीजवळ टांगू नये. संदेश अडवणारी थैली मिळते. ती घेतल्यावर चावी आत टाकून गाडीजवळ जाऊन पाहावे. दार उघडले तर थैली कुचकामी. काही गाड्यांत चावीची ही सोय बंदही करता येते, माहितीपुस्तिकेत पाहावे.

कागदाचे कुलूप

या सगळ्यानंतरही गाडी जाऊ शकते. तेव्हा उपयोगी पडतो तो कागद. चोरीची भरपाई हवी तर थर्ड पार्टीबरोबर स्वतःच्या नुकसानीचाही विमा हवा. रक्कम मिळते ती पॉलिसीवर लिहिलेल्या 'आयडीव्ही'इतकी, म्हणजे घसारा वजा करून ठरवलेली किंमत. हप्ता कमी दिसावा म्हणून ती खाली ओढू नये. एआरएआय-मान्य चोरीरोधक उपकरण असेल तर हप्त्यात थोडी सूटही मिळते. नूतनीकरणाच्या वेळी विचारावे.

चोरी झालीच तर:

आधी ११२ वर फोन आणि लगेच पोलिसांत तक्रार. नव्या कायद्यानुसार, म्हणजे जुलै २०२४ पासून, कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते. ऑनलाइनही देता येते, पण तीन दिवसांत सही करावी लागते.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे. पोलिसांत वेळेवर तक्रार केली असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणाने दावा नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. तरी उशीर कशाला?

आरटीओला लेखी कळवावे, म्हणजे गाडी परस्पर दुसऱ्याच्या नावावर होणार नाही. कर्ज असेल तर बँकेलाही.

फास्टॅगचे संदेश पाहावेत. कोणत्या टोलनाक्यावर किती वाजता पैसे कापले गेले, यावरून गाडी कुठल्या दिशेने गेली हे पोलिसांना समजू शकते.

दोन्ही चाव्या जपून ठेवाव्यात. विमा कंपनी त्या मागते. एक कमी असली की प्रश्न सुरू होतात. गाडी न सापडल्याचा पोलिसांचा अंतिम अहवालही लागतो.

सेकंड-हँड गाडी घेणाऱ्यांनी एक करावे. चेसिस क्रमांक नोंदणी पुस्तकाशी स्वतः ताडून पाहावा. ती गाडी चोरीच्या नोंदीत नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेवर तपासता येते. स्वस्तात मिळाली म्हणून कुणाची तरी चोरलेली गाडी आपल्या दारात उभी राहायला नको.

उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. आम्ही पहिल्या वेळी बांधलाच नाही. दुसऱ्या वेळी असा बांधला की घरच्यांनाही सोडता येईना.

आज रात्री दस्तरखान उचलला की घरात तीन प्रश्न विचारा. दुसरी चावी कुठे आहे? विमा कोणता आहे? आणि गाडीत काही छुपे बसवले असेल तर ती चालवणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे का? आमच्या घरी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता भाभी देतात.