नमुना वितरण व परिकल्पना परीक्षण

एखाद्या समूहातील सर्व घटकांची पाहणी न करता त्यांपैकी काही घटकांच्या निरीक्षणावरून संपूर्ण समूहाविषयी निष्कर्ष काढणे, हा सांख्यिकीय अनुमानशास्त्राचा मुख्य विषय होय. ज्या समूहाविषयी माहिती हवी असते त्यास समष्टी आणि तिच्यातून निवडलेल्या घटकांच्या संचास नमुना म्हणतात. समष्टीचे वैशिष्ट्य दर्शविणाऱ्या स्थिर संख्येला (उदा., समष्टीची सरासरी) प्राचल अशी संज्ञा आहे. प्राचलाचे मूल्य बहुधा अज्ञात असते व त्याचा अंदाज नमुन्यावरून काढलेल्या राशीने करावा लागतो. मात्र एकाच समष्टीतून निरनिराळे नमुने घेतल्यास ही राशी दर वेळी थोडीफार वेगळी येते. हा फरक किती असू शकेल याचे मोजमाप करता आले, तरच नमुन्यावरून काढलेल्या निष्कर्षाला अर्थ राहतो. नमुना वितरणाच्या संकल्पनेने हे मोजमाप शक्य होते.

नमुना वितरण : ठराविक आकाराचे सर्व शक्य नमुने घेऊन प्रत्येकावरून तीच राशी काढल्यास मिळणाऱ्या मूल्यांच्या संभाव्यता वितरणास त्या राशीचे नमुना वितरण म्हणतात. उदा., २, ४, ६, ८ व १० या पाच संख्यांची समष्टी घेतल्यास तिची सरासरी ६ आहे. तिच्यातून दोन-दोन संख्यांचे एकूण १० नमुने निवडता येतात. त्यांच्या सरासऱ्या ३, ४, ५, ५, ६, ६, ७, ७, ८ व ९ अशा येतात. या दहा सरासऱ्यांची सरासरीही ६ च आहे. परंतु त्यांचे प्रमाण विचलन (विखुरलेपणाचे माप) सु. १·७३ आहे, तर मूळ समष्टीचे सु. २·८३ आहे. म्हणजे नमुन्यांच्या सरासऱ्या समष्टीच्या सरासरीभोवती अधिक दाटीने जमतात.

नमुना वितरणाच्या प्रमाण विचलनास प्रमाण त्रुटी म्हणतात. समष्टी खूप मोठी असल्यास सरासरीची प्रमाण त्रुटी ही समष्टीच्या प्रमाण विचलनास नमुन्याच्या आकाराच्या वर्गमूळाने भागून मिळते. त्यामुळे त्रुटी निम्मी करावयाची झाल्यास नमुना दुप्पट घेऊन भागत नाही, तो चौपट घ्यावा लागतो. नमुना पुरेसा मोठा असेल, तर मूळ समष्टीचे वितरण कसेही असले तरी (तिचे प्रमाण विचलन सांत असल्यास) सरासरीचे नमुना वितरण घंटाकृती प्रसामान्य वितरणाच्या जवळ जाते. या महत्त्वाच्या परिणामास मध्यवर्ती सीमा प्रमेय म्हणतात. त्याचे एक विशिष्ट रूप आब्राआम द म्वाव्हर यांनी १७३३ मध्ये दिले व प्येअर सिमाँ लाप्लास यांनी १८१० मध्ये ते अधिक व्यापक केले.

लहान नमुन्यांच्या बाबतीत वेगळी अडचण येते. समष्टीचे प्रमाण विचलन ठाऊक नसल्याने तेही नमुन्यावरूनच काढावे लागते आणि त्याची अनिश्चितता मूळ अनिश्चिततेत मिसळते. डब्लिन येथील गिनेस मद्यनिर्मितिशाळेत काम करणाऱ्या विल्यम सीली गॉसेट (१८७६–१९३७) यांना थोड्याच प्रयोगांवरून निष्कर्ष काढावे लागत. त्यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने या प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध केले. आपले गणित पडताळण्यासाठी त्यांनी ३,००० गुन्हेगारांच्या उंचीची व डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या लांबीची मापे कार्डांवर लिहिली, कार्डे चांगली पिसून त्यांचे चार-चारांचे ७५० नमुने केले आणि प्रत्यक्ष मिळालेले वितरण सैद्धांतिक वितरणाशी ताडून पाहिले. पुढे विकसित झालेली टी-परीक्षा या कार्यावर आधारलेली आहे.

यादृच्छिक निवड व अभिनती : वरील सर्व विवेचन नमुना यादृच्छिक रीतीने, म्हणजे प्रत्येक घटकाच्या निवडीची संभाव्यता ठाऊक राहील अशा रीतीने, निवडला असेल तरच लागू पडते. निवडीत किंवा मोजणीत एकाच दिशेने दोष असेल, तर त्यास अभिनती म्हणतात. नमुना कितीही वाढविला तरी ती कमी होत नाही. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सु. एक कोटी मतपत्रिका पाठविल्या व वीस लाखांहून अधिक परत आल्या. तरीही त्यावरून वर्तविलेला आल्फ्रेड लँडन यांचा विजय खोटा ठरला व फ्रँक्लिन रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले. पत्ते मुख्यतः दूरध्वनी व मोटारगाड्या बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून घेतलेले होते आणि उत्तर पाठविणारे मतदार न पाठविणाऱ्यांहून भिन्न होते.

भारतात पिकांच्या उत्पादनाचे अंदाज यादृच्छिक नमुना-पाहणीने करण्याच्या कार्यात प्रशांतचंद्र महालनोबीस आणि सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–९७) यांचा वाटा मोठा आहे. शेतातील फार लहान तुकड्यावरील पीक कापून मोजल्यास सीमेवरील रोपे तुकड्यात धरली जाण्याकडे कल होतो व उत्पादन वास्तवाहून जास्त दिसते, हे सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात दाखवून दिले. धान्याच्या टंचाईच्या काळात उत्पादनाचा फुगलेला अंदाज किती घातक ठरू शकतो, हे उघड आहे.

परिकल्पना परीक्षण : समष्टीविषयी केलेले एखादे विधान नमुन्यातील निरीक्षणांशी सुसंगत आहे की नाही, हे ठरविण्याच्या पद्धतीस परिकल्पना परीक्षण म्हणतात. प्रथम ‘काहीही फरक नाही’ अशा स्वरूपाची शून्य परिकल्पना मांडतात. ती सत्य आहे असे मानून संबंधित राशीचे नमुना वितरण काढतात. प्रत्यक्ष मिळालेल्या किंवा त्याहून अधिक टोकाच्या मूल्याची या वितरणातील संभाव्यता (पी-मूल्य) अगोदर ठरविलेल्या सार्थकता पातळीपेक्षा कमी असल्यास शून्य परिकल्पना त्याज्य ठरवितात. जॉन आर्बथनॉट यांनी १७१० मध्ये केलेला युक्तिवाद हे या विचारसरणीचे एक जुने उदाहरण होय. लंडनमधील बाप्तिस्म्यांच्या नोंदींत सलग ८२ वर्षे मुलांची संख्या मुलींपेक्षा जास्त होती. दोहोंच्या जन्माची शक्यता समान असती, तर असे घडण्याची संभाव्यता नगण्य ठरली असती.

रॉनल्ड एल्मर फिशर यांच्या १९२५ मधील ग्रंथामुळे ५ टक्के ही सार्थकता पातळी रूढ झाली. येर्झी नेमन व एगॉन पिअर्सन यांनी १९३३ पर्यंत या विषयाला निर्णयाच्या दृष्टिकोनातून नवे रूप दिले. त्यांनी शून्य परिकल्पनेबरोबर पर्यायी परिकल्पना मांडली व दोन प्रकारच्या चुका वेगळ्या केल्या. शून्य परिकल्पना सत्य असताना ती त्याज्य ठरविणे ही पहिल्या प्रकारची व ती असत्य असताना त्याज्य न ठरविणे ही दुसऱ्या प्रकारची चूक होय. दुसऱ्या प्रकारची चूक टाळण्याच्या संभाव्यतेस परीक्षेची क्षमता म्हणतात. नमुन्याचा आकार तोच ठेवून एक चूक कमी केल्यास सामान्यतः दुसरी वाढते. म्हणून कोणत्या चुकीची किंमत अधिक आहे, याचा विचार प्रयोगापूर्वीच करावा लागतो.

पोलिओ लशीची चाचणी : जोनस सॉल्क यांच्या पोलिओ लशीची अमेरिकेत १९५४ मध्ये घेतलेली चाचणी हे या पद्धतीचे बोधप्रद उदाहरण आहे. तिच्या एका भागात पालकांची संमती मिळालेल्या मुलांचे यादृच्छिक रीतीने दोन गट केले. २,००,७४५ मुलांना लस व २,०१,२२९ मुलांना निष्क्रिय द्रवाची टोचणी देण्यात आली. कोणाला काय टोचले, हे मुलांना किंवा निदान करणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक नव्हते. लस दिलेल्या गटात पोलिओचे ५७, तर दुसऱ्या गटात १४२ रुग्ण आढळले. लस निरुपयोगी आहे, ही शून्य परिकल्पना मानल्यास एकूण १९९ रुग्णांपैकी प्रत्येक रुग्ण कोणत्याही गटात असण्याची शक्यता जवळजवळ समान ठरते. तेव्हा लस दिलेल्या गटात सु. ९९·५ रुग्ण अपेक्षित असून प्रमाण त्रुटी सु. ७ येते. प्रत्यक्ष संख्या अपेक्षेहून सहा प्रमाण त्रुटींनी कमी आहे; केवळ योगायोगाने असे घडण्याची संभाव्यता साधारणतः शंभर कोटींत एक इतकी अल्प आहे.

हीच चाचणी प्रत्येक गटात २,००० मुले घेऊन केली असती, तर लस न दिलेल्या गटात सरासरीने एक-दोनच रुग्ण अपेक्षित होते. अशा चाचणीवरून काहीच सिद्ध झाले नसते व उपयुक्त लस निरुपयोगी समजली जाण्याचा धोका होता. लाखो मुलांचा समावेश करण्याचे हेच कारण होते. तसेच ज्यांच्या पालकांनी संमती नाकारली, त्या मुलांमध्ये लाखामागे सु. ४६, तर निष्क्रिय द्रव टोचलेल्यांमध्ये सु. ७१ रुग्ण आढळले. दोन्ही गटांना लस मिळालेली नव्हती; म्हणजे संमती देणारी व न देणारी कुटुंबे मुळातच भिन्न होती. संमती न दिलेल्यांशी तुलना केली असती, तर लशीचा परिणाम वास्तवाहून कमी दिसला असता.

चाचणीचा निष्कर्ष १२ एप्रिल १९५५ रोजी जाहीर झाला. त्यानंतर काही दिवसांतच बाजारात आलेल्या लशीच्या काही खेपांत जिवंत विषाणू राहिल्याचे उघड झाले व अनेक मुलांना पक्षाघात झाला. चाचणीचा निष्कर्ष तीत वापरलेल्या लशीपुरता होता. नंतर तयार झालेल्या प्रत्येक खेपेच्या निर्धोकतेची हमी तो देऊ शकत नव्हता. अनुमान ज्या समष्टीविषयी काढले तिच्या सीमेबाहेर ते नेता येत नाही, हे यावरून दिसते.

मर्यादा : पी-मूल्य म्हणजे शून्य परिकल्पना सत्य असण्याची संभाव्यता नव्हे, ती परिकल्पना सत्य मानूनच ते काढलेले असते. शून्य परिकल्पना त्याज्य न ठरणे म्हणजे ती सिद्ध होणे नव्हे. निरीक्षणे अपुरी असण्याचाही संभव असतो. उलटपक्षी नमुना फार मोठा असल्यास व्यवहारात बिनमहत्त्वाचा फरकही सांख्यिकीय दृष्ट्या सार्थ ठरतो. ५ टक्के पातळीवर परस्परांशी निरपेक्ष अशा २० परीक्षा घेतल्यास, सर्व शून्य परिकल्पना सत्य असूनही, निदान एक तरी त्याज्य ठरण्याची संभाव्यता सु. ६४ टक्के असते. म्हणून अनेक परीक्षा घेऊन सोयीचा तेवढाच निष्कर्ष प्रसिद्ध करणे दिशाभूल करणारे ठरते. अमेरिकन स्टॅटिस्टिकल ॲसोसिएशनने २०१६ मध्ये काढलेल्या निवेदनात केवळ पी-मूल्य ठराविक सीमेच्या आत आहे एवढ्यावरून शास्त्रीय वा धोरणात्मक निर्णय घेऊ नयेत, असे बजावले आहे. फरकाचे प्रत्यक्ष मान, त्याची प्रमाण त्रुटी आणि निरीक्षणे कशी मिळविली याची माहिती पी-मूल्यासोबत दिल्यास निष्कर्षाचे यथायोग्य मूल्यमापन करता येते.