फॉर्म भरला, पुढचे आपोआप? कोडिंगशिवाय ॲप जोडण्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

देवगड किंवा रत्नागिरीचा एखादा बागायतदार हापूसच्या पेट्या थेट ग्राहकांना विकू लागला की एप्रिल-मे महिन्यांत त्याच्या घरी एक काम दिवसभर चालू असते. ग्राहक गूगल फॉर्म भरतो. मग घरातले कोणीतरी त्याचे नाव-पत्ता पाहून शीटमध्ये उतरवते, 'ऑर्डर मिळाली' असे त्याला कळवते, पाठवणीची तारीख कॅलेंडरमध्ये टाकते आणि वाहतूकवाल्याला यादी देते. यात निर्णय घेण्यासारखे फार थोडे असते; तीच माहिती एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये न्यायची असते. ही ने-आण माणसाऐवजी एखाद्या सेवेकडे सोपवता येते. 'अमुक घडले की तमुक कर' एवढीच तिची रचना असते. जे घडते त्याला ट्रिगर म्हणतात आणि त्यानंतर जे करायचे त्याला ॲक्शन; दोन्ही मिळून एक साखळी होते. झॅपिअर, आयएफटीटीटी, मेक, मायक्रोसॉफ्टचे पॉवर ऑटोमेट, चेन्नईच्या झोहो कंपनीचे झोहो फ्लो ही अशा सेवांची परिचित नावे आहेत.

'कोडिंगशिवाय' हा शब्द जाहिरातींत इतका ठळक असतो की इथे कोड नसतोच, असा समज होतो. प्रत्यक्षात कोड असतो, तो दुसऱ्याने आधीच लिहून ठेवलेला असतो. प्रत्येक मोठे ॲप बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी एक ठरलेले प्रवेशद्वार ठेवते. त्याला एपीआय म्हणतात. त्या दारातून काय मागता येईल आणि काय देता येईल याचे नियम ॲपची कंपनी ठरवते. जोडणीची सेवा ते नियम पाळणारा कोड लिहून ठेवते आणि वापरणाऱ्यासमोर फक्त रकाने आणि बटणे मांडते. त्यामुळे वापरणाऱ्याला प्रोग्रॅमिंगची भाषा लागत नाही. काम नेमक्या पायऱ्यांत सांगता येणे मात्र लागते, आणि नवशिके अडतात ते बहुधा इथेच. 'ऑर्डर आली की कळव' हे वाक्य माणसाला पुरते. सेवेला मात्र कोणाला कळवायचे, कोणत्या शब्दांत, आणि पत्ता अर्धवट असेल तर काय करायचे, हे सगळे सांगावे लागते.

प्रत्येक कामासाठी वेगळी सेवा घ्यावीच लागते, हाही एक समज. वरच्या उदाहरणातले पहिलेच काम, म्हणजे फॉर्ममधली माहिती शीटमध्ये उतरवणे, मुळात कोणी करायची गरज नाही. गूगल फॉर्मला शीट जोडण्याची सोय फॉर्ममध्येच आहे, आणि प्रत्येक उत्तर आपोआप नव्या ओळीत जाऊन बसते. ग्राहकाला त्याच्या उत्तरांची प्रत ईमेलने पाठवण्याची सोयही तिथेच आहे. व्हॉट्सॲप बिझनेस ॲपमध्ये स्वागताचा संदेश, 'सध्या उपलब्ध नाही' असा संदेश आणि तयार उत्तरे ठेवता येतात. आयफोनमध्ये फोनवरची अशी कामे जोडण्यासाठी शॉर्टकट्स हे ॲप आहे. बाहेरची सेवा शोधण्याआधी हातातल्या ॲपची सेटिंग्ज नीट वाचली तर निम्मे काम तिथेच उरकते, असे बऱ्याचदा होते.

कोणतेही ॲप कोणत्याही ॲपला जोडता येते, हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. भारतात तो दोन ठिकाणी हमखास आढळतो. पहिले ठिकाण व्हॉट्सॲपचे. आपल्या रोजच्या व्हॉट्सॲप खात्यावरून ग्राहकांना आपोआप संदेश जावेत अशी बहुतेक छोट्या विक्रेत्यांची अपेक्षा असते. पण साध्या खात्याला असे अधिकृत प्रवेशद्वारच नाही. ते आहे व्यवसायांसाठीच्या स्वतंत्र व्हॉट्सॲप बिझनेस प्लॅटफॉर्मला, आणि त्याचे नियम कडक आहेत. व्यवसायाने आपणहून संदेश पाठवायचा असेल तर आधी मंजूर करून घेतलेला मसुदाच वापरावा लागतो. ग्राहकाने लिहिल्यावर पुढचे २४ तास मोकळेपणाने उत्तर देता येते. मंजूर मसुद्याचे संदेश बरेचदा सशुल्क असतात. हा खटाटोप टाळून साध्या खात्यावरून घाऊक संदेश पाठवून देणारी अनधिकृत साधने बाजारात मिळतात. ती व्हॉट्सॲपच्या अटींत बसत नाहीत आणि त्यापायी खाते बंद होऊ शकते. वर्षानुवर्षे ग्राहकांच्या फोनमध्ये असलेला नंबर ऐन हंगामात बंद पडला तर वाचवलेल्या वेळाचा काहीच उपयोग उरत नाही.

दुसरे ठिकाण पैशांचे. क्यूआर कोडवर यूपीआयने पैसे आले की शीटमध्ये 'रक्कम जमा' अशी नोंद व्हावी, ही इच्छा रास्त आहे. पण वैयक्तिक यूपीआय ॲप ही खबर जोडणीच्या सेवेला देत नाही. बँकेच्या एसएमएसवरून ती ओळखण्याच्या युक्त्या आहेत, पण हिशेबाचा भार टाकावा इतक्या त्या पक्क्या नाहीत. रेझरपेसारख्या पेमेंट गेटवेमधून पैसे घेतले तर मात्र प्रत्येक भरण्याची सूचना नीट मिळते. त्यासाठी व्यवसायाची नोंद, कागदपत्रे आणि गेटवेचे शुल्क आले. ओटीपी लागणारी पायरी साखळीत घालायचा विचार तर सोडूनच द्यावा. ती माणसासाठीच ठेवलेली असते.

'आपोआप' म्हणजे 'तत्क्षणी' असेही गृहीत धरले जाते. नवी घटना कळण्याचे दोन मार्ग असतात. एकात सेवा ठरावीक वेळाने ॲपकडे जाऊन 'काही नवे आहे का' असे विचारते. टपालपेटी दर काही वेळाने उघडून पाहण्यासारखेच हे. दुसऱ्यात घटना घडताच ॲप स्वतःच सेवेला कळवते. या पद्धतीला वेबहुक म्हणतात. पहिल्या पद्धतीत, विशेषतः मोफत योजनेत, दोन फेऱ्यांमध्ये १५ मिनिटांचे अंतर असणे नेहमीचे आहे. पेटीच्या ऑर्डरला १५ मिनिटांनी काही बिघडत नाही. डॉक्टरांच्या वेळेची नोंदणी असेल तर तेवढ्यात तीच वेळ दोघांना दिली जाऊ शकते.

माहिती एकदा आत आली की सेवा तिचा अर्थ लावून घेते, हा समज सर्वाधिक गोंधळ घालतो, आणि मराठीत काम करणाऱ्यांना त्याचे चटके जास्त बसतात. ०५/०४ ही तारीख आपल्याकडे ५ एप्रिल असते. शीटची मांडणी अमेरिकी असेल तर ती ४ मे होते, आणि आंब्याच्या धंद्यात एक महिना म्हणजे जवळजवळ अर्धा हंगाम. शीटच्या सेटिंगमध्ये देश भारत निवडला की हे टळते. वेळेचेही तसेच. सेवेतले घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर राहिले तर सकाळी ९ ला ठरवलेला संदेश इथे दुपारी २.३० वाजता पोचतो. ग्राहकाने पेट्यांची संख्या देवनागरीत '३' अशी टाकली तर बहुतेक साधने तिला आकडा न मानता मजकूर मानतात आणि बेरीज चुकते. कोणी 'तीन पेट्या' लिहितो, कोणी '३ पेटी (कच्चा)'. यावर उपाय सूत्रांत नाही, फॉर्ममध्ये आहे: संख्या लिहायला न लावता यादीतून निवडायला लावावी आणि तारखेसाठी तारखेचाच रकाना द्यावा. मोबाइल क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य किंवा अधिकचिन्ह शीट गिळून टाकते, म्हणून तो स्तंभ आधीच 'साधा मजकूर' असा ठरवून ठेवावा लागतो.

छापखान्याच्या कामातून आलेल्या मंडळींची आणखी एक अडचण असते. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर त्या फॉन्टपुरताच मराठी दिसतो. आत साठवलेली चिन्हे निराळीच असतात. तो दुसऱ्या ॲपमध्ये गेला की नुसती निरर्थक अक्षरे उरतात. मजकूर ॲपांमधून फिरवायचा तर तो युनिकोडमध्येच हवा, याला पर्याय नाही.

सुरक्षिततेबाबत लोक दोन टोकांना असतात. काहींना वाटते, जोडणी म्हणजे पासवर्ड परक्याच्या हाती देणे. नामांकित सेवा बहुधा तसे करत नाहीत. जोडताना गूगलचे स्वतःचे पान उघडते, पासवर्ड तिथेच द्यायचा असतो, आणि सेवेला मिळते ते फक्त ठरावीक कामांपुरते परवानगीपत्र. ओऑथ नावाच्या या पद्धतीची सध्या सर्वत्र वापरली जाणारी आवृत्ती २०१२ पासूनची आहे. परवानगी केव्हाही गूगल खात्याच्या सेटिंगमधून काढून घेता येते. उलट टोकाचा समज असा की पासवर्ड दिला नाही म्हणजे काळजी मिटली. परवानगीचे पान वाचले तर दिसते की एका शीटच्या कामासाठी अनेकदा खात्यातल्या सगळ्या शीट पाहण्याची, बदलण्याची आणि पुसण्याची मुभा मागितलेली असते. घरगुती हिशेब आणि ग्राहकांचे पत्ते एकाच खात्यात ठेवण्यापेक्षा या कामासाठी वेगळे खाते उघडणे शहाणपणाचे. ग्राहकांची माहिती मधल्या सेवेच्या सर्व्हरवरून जाते, हेही ध्यानात घ्यावे. भारतात वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे.

एकदा लावले की पाहायला नको, असे सांगणाऱ्यांनी या क्षेत्राचा इतिहास पाहिलेला नसतो. दुसऱ्याच्या दारावर अवलंबून असलेली साखळी दार बंद झाले की तुटते. ट्विटरने नियम बदलल्यामुळे २०१२ मध्ये आयएफटीटीटीला ट्विटरवरून सुरू होणारे सगळे ट्रिगर काढून टाकावे लागले. २०१९ मध्ये गूगलच्या नव्या धोरणामुळे आयएफटीटीटीमधले जीमेलचे ट्रिगर गेले. याहू पाइप्स हे २००७ मधले या जातीचे गाजलेले साधन २०१५ मध्ये बंदच झाले. एवढी मोठी घडामोड नसतानाही साखळी थांबते. पासवर्ड बदलला, परवानगीची मुदत संपली, कोणी शीटमध्ये मधेच एक स्तंभ घातला किंवा ओळींचा क्रम बदलला, एवढे पुरते. वाईट असे की ती बहुधा गुपचूप थांबते. चूक झाल्याचा ईमेल येतो, पण तो रोज उघडल्या जाणाऱ्या पत्त्यावर यावा याची व्यवस्था आधी करावी लागते. चक्रात सापडणारी साखळी हा निराळाच प्रकार: 'शीट बदलली की ट्रिगर' आणि 'ॲक्शन म्हणून त्याच शीटमध्ये बदल' अशी जोडी केली की ती स्वतःलाच पुन्हा पुन्हा चालवत राहते.

त्या चक्राचा थेट संबंध खर्चाशी आहे. मोफत योजनेत सगळे भागते, हा समज बहुतेकांचा पहिल्या महिन्यातच संपतो. मोजणीची पद्धत सेवागणिक वेगळी असते. झॅपिअर ट्रिगर मोजत नाही, पार पडलेल्या ॲक्शन मोजते. मोफत योजनेत महिन्याला १०० मिळतात आणि एका साखळीत ट्रिगरनंतर एकच ॲक्शन ठेवता येते. महिन्याला ३०० ऑर्डर आणि प्रत्येकीमागे तीन ॲक्शन धरल्या तर गरज ९०० ची आहे. मेकची मोफत मर्यादा १,००० ची, म्हणजे वरकरणी दसपट उदार. पण तिथे नवे काही सापडले नाही तरी पाहण्याची प्रत्येक फेरी मोजली जाते. दर १५ मिनिटांनी एक फेरी म्हणजे दिवसाला ९६ आणि ३० दिवसांत २,८८०. एकही ऑर्डर न येता कोटा अकराव्या दिवशी संपतो. फेरी तासाला एक केली किंवा वेबहुक वापरला तर नुसत्या पाहण्यात कोटा संपत नाही. हे आकडे बदलत राहतात, त्यामुळे योजना घेताना किमतीआधी मोजणीचे एकक वाचावे.

अलीकडे या सेवांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पायऱ्याही जोडल्या आहेत, आणि त्यामुळे सगळेच काम सोपवता येईल असा नवा समज पसरतो आहे. ग्राहकाच्या लांबलचक निरोपातून पत्ता वेगळा काढणे अशा कामांत त्या उपयोगी पडतात. पण त्याच निरोपावर दोनदा वेगळे उत्तर देणे हा त्यांचा स्वभाव आहे. पैसे परत करणे, तक्रारीला उत्तर देणे, ऑर्डर रद्द करणे अशा जागी साखळीने फक्त मसुदा तयार करावा आणि पाठवण्याचे बटण माणसाने दाबावे.

पहिली साखळी दोनच टोकांची असावी: फॉर्म भरला की विक्रेत्याच्या कॅलेंडरमध्ये पाठवणीची नोंद, इतकीच. ती सुरू करण्याआधी काही खोट्या ऑर्डर मुद्दाम वेड्यावाकड्या भरून पाहाव्यात. एकीत पत्ता रिकामा, एकीत नाव इंग्रजीत, एकीत तारीख उलटून गेलेली, एक दोनदा पाठवलेली. प्रत्येकीचे कॅलेंडरमध्ये काय झाले हे पाहून मगच फॉर्म ग्राहकांना द्यावा, आणि पहिला आठवडा वहीतली नोंद चालूच ठेवून रोज संध्याकाळी दोन्ही याद्या ताडून पाहाव्यात.