संगणकावरील अमरवेल : अनाहूत जाहिरातींचा बंदोबस्त

हंगामाच्या तोंडावर जळगाव व धुळे जिल्ह्यांतील ग्रामपंचायत कार्यालयांत आणि आपले सरकार सेवा केंद्रांत लोकांची वर्दळ वाढते. रावेर-यावलच्या केळी बागायतदारास फळपीक विम्याचा अर्ज भरावयाचा असतो. अमळनेर वा शिंदखेड्याच्या कापूस उत्पादकास सातबाऱ्याचा उतारा हवा असतो. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून एका दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या पालकास मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी दाखला पाहिजे असतो. या साऱ्यांचे काम एका संगणकावर अवलंबून असते. त्याच्या पडद्यावर शासकीय संकेतस्थळाऐवजी भलतेच पान उघडू लागले आणि जाहिरातींच्या चौकटी एकामागून एक उमटू लागल्या, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये नागरिकास विहित मुदतीत मिळावयाची सेवा खोळंबते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, त्याचा आधार क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील परक्याच्या हाती जाण्याची वाट मोकळी होते.

हा उपद्रव बहुधा ‘ॲडवेअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाहिरातखोर सॉफ्टवेअरमुळे होतो. त्याचे उच्चाटन करण्यास बहुतेक वेळा पैसा लागत नाही आणि तज्ज्ञाचीही गरज पडत नाही. मात्र ते संगणकात कसे आले, हे समजून घेतल्यावाचून केलेला उपाय टिकत नाही.

उपद्रवाचे स्वरूप

लसूणघासाच्या बियाण्यात अमरवेलीचे बी मिसळलेले असले, तर शेतकरी ते नकळत स्वतःच्याच हाताने पेरतो. वेल उगवते, पिकाला विळखा घालते आणि त्याच्याच रसावर पोसते. उपटताना तिचा तुकडा पिकावर राहिला, तरी ती पुन्हा फोफावते. ॲडवेअरची रीतही अशीच आहे. संगणक बंद पाडणे हा त्याचा हेतू नसतो, कारण चालू संगणकावरच त्याचे पोट भरते. जाहिरात दाखविल्याबद्दल, ती दाबली गेल्याबद्दल किंवा शोध घेणाऱ्यास विशिष्ट पानाकडे वळविल्याबद्दल त्याच्या कर्त्यांना मोबदला मिळतो. म्हणूनच ते ब्राउझरचे मुख्यपृष्ठ व शोधयंत्र बदलते, पॉपअप चौकटी उघडते आणि वापरणारा कोठे कोठे जातो याची नोंदही ठेवते.

या प्रकाराचा विस्तार किती मोठा असू शकतो, हे २०१७ साली दिसून आले. ‘फायरबॉल’ नावाच्या ॲडवेअरने जगभरातील सुमारे २५ कोटी संगणकांत शिरकाव केल्याचे चेक पॉइंट या सुरक्षा संस्थेने त्या वर्षी १ जून रोजी जाहीर केले. त्यांपैकी सुमारे २ कोटी ५३ लाख संगणक भारतातील असून देशवार यादीत भारत पहिला होता. हा अंदाज अतिशयोक्त असल्याचे मत मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात मांडले. परंतु शिरकावाच्या पद्धतीबाबत वाद नव्हता. ‘डील वायफाय’, ‘मस्टँग ब्राउझर’ यांसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या गाठोड्यात फायरबॉल बांधलेले असे आणि आत शिरताच ते मुख्यपृष्ठ व शोधयंत्र बदलून टाकी.

शिरकाव कोणत्या वाटेने?

पहिली वाट फुकट सॉफ्टवेअरची होय. कार्यालयांत मराठी फॉन्ट, जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणारे साधन, पीडीएफ जोडण्याचे वा लहान करण्याचे साधन यांची वारंवार गरज पडते. शोधयंत्रात प्रथम दिसणाऱ्या अनोळखी पानावरून ते उतरविले जाते आणि ‘नेक्स्ट’ हे बटण न वाचता दाबले जाते. त्या पायऱ्यांपैकी एखाद्या पायरीवर आणखी दोन-तीन कार्यक्रमांना संमती दिल्याची खूण आधीच केलेली असते. वास्तविक युनिकोडमधून मराठी लिहिण्यासाठी बाहेरून काहीच उतरविण्याची आवश्यकता नाही. विंडोजमध्ये मराठी भाषा व इन्स्क्रिप्ट कळफलक अंगभूतच असून सेटिंग्जमधील भाषेच्या सदरातून ते सुरू करता येतात.

दुसरी वाट परवाना चुकविलेल्या सॉफ्टवेअरची होय. ‘क्रॅक’ म्हणून मिळणारी फाइल चालविताना सुरक्षा प्रणाली बंद करावयास सांगितले जाते, म्हणजे घरफोड्याने राखणदाराला झोपविण्याचाच हा प्रकार.

तिसरी वाट सर्वांत फसवी आहे. एखादे पान उघडताच ‘आपण यंत्रमानव नसल्यास अलाउ दाबा’ किंवा ‘व्हिडिओ पाहण्यासाठी अलाउ दाबा’ असा संदेश येतो. हे बटण दाबणे म्हणजे त्या संकेतस्थळास सूचना पाठविण्याची परवानगी देणे होय. त्यानंतर ते पान बंद असले तरी पडद्याच्या कोपऱ्यात ‘संगणकात विषाणू सापडला’ अशा खोट्या सूचना झळकत राहतात. येथे संगणकात कोणताही कार्यक्रम शिरलेला नसल्यामुळे विषाणूरोधक सॉफ्टवेअरला बऱ्याचदा काही सापडत नाही.

चौथी वाट खोट्या अद्ययावतीकरणाची होय. ‘फ्लॅश प्लेअर अद्ययावत करा’ असे सांगणारी चौकट आजही एखादे वेळी दिसते. ॲडोबीने फ्लॅश प्लेअरची साथ ३१ डिसेंबर २०२० रोजीच सोडली असल्याने अशी प्रत्येक चौकट फसवी समजावी.

उच्चाटनाचा क्रम

प्रथम चालू कामातील फाइली सुरक्षित ठेवाव्यात आणि बँक किंवा शासकीय लॉगिनचे काम त्या संगणकावर थांबवावे. नंतर पुढील क्रमाने जावे. येथे क्रोम ब्राउझर गृहीत धरला आहे. एज व फायरफॉक्समध्येही अशाच सोयी आहेत.

१) सूचनांची परवानगी काढणे : सेटिंग्जमध्ये ‘गोपनीयता आणि सुरक्षा’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘सूचना’ हे सदर उघडावे. परवानगी दिलेल्या संकेतस्थळांच्या यादीतील अनोळखी नावे काढून टाकावीत. कोपऱ्यातील चौकटींचा त्रास अनेकदा एवढ्यानेच थांबतो.

२) एक्स्टेन्शन तपासणे : ब्राउझरला जोडलेल्या पूरक कार्यक्रमांची ही यादी होय. कोणी व कशासाठी जोडले हे सांगता येत नसेल, असे प्रत्येक एक्स्टेन्शन काढावे.

३) नको असलेले कार्यक्रम काढणे : विंडोजच्या सेटिंग्जमधील ‘ॲप्स’ या सदरात कार्यक्रमांची यादी स्थापनेच्या तारखेनुसार लावावी. त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेले अनोळखी कार्यक्रम तेथूनच काढावेत. मुद्रक, स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र व डिजिटल स्वाक्षरी यांच्याशी संबंधित कार्यक्रमांना खात्री केल्याविना हात लावू नये.

४) ब्राउझर मूळ स्थितीत आणणे : ‘सेटिंग्ज रीसेट करा’ या सोयीमुळे मुख्यपृष्ठ व शोधयंत्र पूर्ववत होतात, एक्स्टेन्शन बंद होतात आणि तात्पुरती साठवण पुसली जाते. जतन केलेल्या पानांच्या खुणा, पाहिलेल्या पानांचा इतिहास आणि साठविलेले पासवर्ड मात्र कायम राहतात.

५) संपूर्ण तपासणी : विंडोजमधील डिफेंडर या अंगभूत प्रणालीतून पूर्ण तपासणी करावी आणि संभाव्य अवांछित ॲप रोखण्याची सोय चालू ठेवावी.

६) राहिलेला तुकडा शोधणे : एवढे करूनही त्रास परतला, तर ब्राउझरच्या डेस्कटॉपवरील चिन्हाचे ‘प्रॉपर्टीज’ पाहावे. ‘टार्गेट’ या ओळीच्या शेवटी एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटविलेला असल्यास ते चिन्ह काढून नवे करावे. एकच गूगल खाते दोन संगणकांवर वापरात असेल, तर एका ठिकाणचे एक्स्टेन्शन दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोचते, म्हणून दोन्ही स्वच्छ करावेत. कार्यालयातील सर्व संगणक व मोबाइल एकाच वेळी भलत्या पानांकडे वळत असतील, तर दोष राउटरमध्ये असण्याचा संभव असतो. अशा वेळी राउटर मूळ स्थितीत आणून त्याचा पासवर्ड बदलावा.

सफाईनंतर महत्त्वाचे पासवर्ड दुसऱ्या निर्दोष संगणकावरून बदलावेत.

कित्येकदा पडदा पूर्णपणे व्यापून ‘संगणक कुलूपबंद झाला आहे, या क्रमांकावर दूरध्वनी करा’ अशी धमकी येते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात दूरध्वनी क्रमांक कधीच नसतो. तेव्हा फोन करू नये. ‘एस्केप’ कळ काही क्षण दाबून धरावी किंवा ‘आल्ट’ व ‘एफ-४’ या कळा एकत्र दाबून ब्राउझर बंद करावा. पुन्हा उघडताना आधीची पाने परत आणण्याची सूचना नाकारावी.

मोबाइलवरील उपद्रव

कोणतेही ॲप उघडलेले नसताना मोबाइलवर जाहिराती येत असतील, तर दोष बहुधा नुकत्याच घेतलेल्या एखाद्या ॲपमध्ये असतो. विजेरी, फोटो सजविणे, फोनची सफाई अशा किरकोळ कामांची ॲप आधी तपासावीत. अलीकडे आलेली ॲप एकेक करून काढावीत आणि दर वेळी फरक पाहावा. ‘इतर ॲपवर दिसण्याची’ परवानगी कोणाकोणास दिली आहे, तेही सेटिंग्जमध्ये पाहावे. शासकीय योजनेच्या नावाने संदेशातून आलेली एपीके फाइल कधीही उघडू नये. तिच्यातून जाहिरातीच नव्हे, तर बँकेचे संदेश वाचणारे ॲपही येऊ शकते.

खरे संकेतस्थळ ओळखावे कसे?

पत्त्यातील पहिल्या तिरक्या रेघेपूर्वीचे शेवटचे शब्द पाहावेत. केंद्र व राज्य शासनाची संकेतस्थळे सामान्यतः ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ यांनी संपतात. ‘जीओव्ही’ हे अक्षरसमूह पत्त्याच्या मध्येच कोठेतरी आले आणि शेवट निराळा असला, तर ते पान शासकीय समजू नये. पत्त्याआधीचे कुलपाचे चिन्ह माहितीची वाहतूक गुप्त असल्याचे दाखविते. पान खऱ्या मालकाचे आहे, याची हमी ते देत नाही. सातबारा, विमा, शिष्यवृत्ती यांची संकेतस्थळे दर वेळी शोधयंत्रातून न शोधता एकदा खात्री करून त्यांच्या खुणा ब्राउझरमध्ये जतन करून ठेवाव्यात.

कायदा आणि साहाय्य

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ अन्वये मालकाच्या परवानगीविना संगणकात दूषित कार्यक्रम घालणे हे नुकसानभरपाईस पात्र कृत्य आहे. ते अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या मांडणीचे १३ प्रकार नमूद केले आहेत. छुप्या जाहिराती आणि विषाणूची खोटी भीती घालून ग्राहकास फसविणे यांचा त्यांत समावेश आहे.

केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. त्याच्या संकेतस्थळावर सफाईची साधने विनामूल्य मिळतात. पैशाची फसवणूक झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रक्कम रोखली जाण्याची शक्यता सुरुवातीच्या काही तासांत अधिक असते.

कार्यालयाची शिस्त

बियाणे निवडून घेतले की पुढची निंदणी कमी होते. ग्रामपंचायत व शाळा यांनी दैनंदिन कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरावे आणि प्रशासक खात्याचा पासवर्ड एका जबाबदार व्यक्तीकडे ठेवावा, म्हणजे कोणीही परस्पर कार्यक्रम बसवू शकणार नाही. नवीन सॉफ्टवेअर कोणी, कोठून व कशासाठी घेतले, याची नोंद एका साध्या वहीत ठेवावी. ती वही हाताशी असली, तर वरील क्रमातील दुसरी व तिसरी पायरी दहा मिनिटांत उरकते. विंडोज व ब्राउझर अद्ययावत ठेवावेत. विंडोज १० ची नियमित साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली असल्याने, मुदतवाढीची नोंदणी झालेली नसलेल्या संगणकांबाबत वेळीच निर्णय घ्यावा.

शिक्षकांची भूमिका येथे विशेष मोलाची आहे. धुळे जिल्ह्यात गेल्या दशकात जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करण्यासाठी गावोगावी लोकवर्गणी जमली. ही साधने गावाच्या पैशातून उभी राहिली आहेत. फळ्यावर ‘अलाउ’ आणि ‘ब्लॉक’ ही दोन बटणे काढून त्यांचा अर्थ एका तासिकेत समजावून सांगितला, तर तो विद्यार्थ्यांमार्फत घरोघरीच्या मोबाइलपर्यंत पोचेल. पंचायत सदस्यांनीही ग्रामसभेत हा विषय एकदा मांडावा आणि संगणकाची वही अधूनमधून पाहावयास मागावी.