सहाव्या वर्षी गुपचूप येणारी दाढ

परवा विजयदुर्गच्या जेटीवर शेजारच्या काकींनी नातवाला तोंड उघडायला लावलं. "दुधाचीच मां ती दाढ? पडतली आपसूक." मोबाइलच्या उजेडात बघितलं. सगळ्यात मागची दाढ, खाचेत काळी रेघ. पोरगा सात वर्षांचा. ती दाढ कायमची होती!

हा घोटाळा घरोघरी होतो. दुधाचे दात 20. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी त्यांच्या मागे उगवते. तिच्या जागी आधी काही पडलेलं नसतं, म्हणून कुणाला पत्ताच लागत नाही. सहावं लागलं की मुलाला दंतवैद्याकडे नक्की न्या. खोल खाचा सीलंटने बुजवता येतात.

दुधाचा दात किडला तरी दुर्लक्ष नको. तो अवेळी काढावा लागला तर शेजारचे दात सरकतात, नवा वाकडा येतो.

पेस्ट फ्लोराइडची घ्या. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. आंबापोळी, जत्रेतलं खाजं खुशाल खाऊ द्या, पण दिवसभर चघळत नको. जेवणाबरोबर द्या, रात्री ब्रश झाल्यावर काही नाही.

मोठ्यांचा नेहमीचा प्रश्न: दात साफ करून घेतले की हलतात का? नाही. हिरडी आधीच खराब झालेली असते, कीटण निघाल्यावर ते जाणवतं इतकंच. आणि मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. कृपा करून सोडा.

खेळताना कायमचा दात मुळासकट निखळला, तर मुळाला हात न लावता दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत दंतवैद्य गाठा.