शुद्ध हरपल्यानंतरचा कायदा

चेन्नईतील मांबलम स्थानकातून पूर्वेला बाहेर पडले की रंगनाथन स्ट्रीटवरची खरेदीची झुंबड लागते. पश्चिमेला वेस्ट मांबलम. अयोध्या मंडपातील प्रवचने, कॉफीची पूड ताजी दळून देणारी दुकाने आणि जुनी घरे पाडून उभ्या केलेल्या इमारतींत एकेकटे वा जोडीने राहणारे निवृत्त शिक्षक, बँक आणि रेल्वे कर्मचारी. मुले अमेरिकेत, नाहीतर बंगळुरूत. पुण्याच्या सदाशिव पेठेतील वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही.

या वस्तीतील वृद्धांशी बोलताना मला एक गोष्ट वारंवार जाणवते. मृत्युपत्राविषयी ते मोकळेपणाने बोलतात. फ्लॅट कोणाला, दागिने कोणाला हे अनेकांनी लिहून ठेवलेले असते. मृत्यूच्या आधीच्या काळाचे काय, असे विचारले की उत्तर येते : मुलगा बघेल. मुलगा न्यू जर्सीत असतो आणि रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभा असतो तो शेजारी.

वास्तविक कायद्याने या प्रसंगाची सोय केली आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ पासून २०१५ मधील मृत्यूपर्यंत अंथरुणाला खिळून राहिलेल्या अरुणा शानभाग यांच्या प्रकरणाने हा प्रश्न देशापुढे आणला. ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये सामावलेला असल्याचे सांगून आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी होती. परिणामी ती मान्यता बव्हंशी कागदावरच राहिली. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ही अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या एकाहून अधिक व्यक्तींची नावे त्यात देता येतात. प्रकृती सुधारण्याची आशा उरली नसेल तर रुग्णालयाचे तीन डॉक्टरांचे मंडळ शक्यतो ४८ तासांत मत देते आणि दुसरे मंडळ ते तपासते.

इच्छापत्राची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेकडे द्यायची आणि त्या संस्थेने ती सांभाळण्यासाठी अभिरक्षक नेमायचा, असेही न्यायालयाने म्हटले आहे. या साध्या तरतुदीसाठी मुंबईतील डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जावे लागले. गोव्यात २०२४ मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवले. कर्नाटकने जानेवारी २०२५ मध्ये अंमलबजावणीचा आदेश काढला. संसदेने मात्र या विषयावर अद्याप स्वतंत्र कायदा केलेला नाही. हक्क न्यायालयाने दिला आणि तो पाळला जाण्याची भिस्त ज्या त्या राज्याच्या, किंबहुना ज्या त्या आरोग्य अधिकाऱ्याच्या उत्साहावर राहिली.

माझ्या मते याहून मोठी पोकळी दुसरीकडे आहे. हे इच्छापत्र आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यासाठी आहे. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण मात्र त्याआधी आठ-दहा वर्षे जगतो. त्याचे निवृत्तिवेतन कोणी काढायचे? मुदत ठेव मोडून परिचारिकेचा पगार कोणी द्यायचा? ‘मुखत्यारपत्र करून ठेवले आहे,’ असे लोक विश्वासाने सांगतात. पण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, करून देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्याराचे अधिकारही संपतात. ज्या दिवसासाठी कागद केला, नेमक्या त्याच दिवशी तो निकामी होतो. ब्रिटनने २००५ मध्ये आणि सिंगापूरने २००८ मध्ये मानसिक क्षमतेविषयी कायदे करून टिकाऊ मुखत्यारपत्राची वाट मोकळी केली. आपण उलट दिशेने गेलो. मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यात होती. पुष्कळ अंगांनी पुरोगामी असलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात ती उरली नाही. त्यामुळे कुटुंबांना अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय गाठावे लागते. बेशुद्धावस्थेतील रुग्णांच्या पालकत्वासाठी केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आखली, ती कायदाच नसल्यामुळे. बँकेच्या खिडकीवरील एका सहीसाठी उच्च न्यायालय! सत्तरीतल्या पत्नीला हे झेपेल, असे कोणी गृहीत धरले आहे कोण जाणे.

मालमत्तेच्या बाबतीत निदान एक आधार आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेले घर अट मोडल्यास परत मागता येते आणि न्यायाधिकरण ताबाही देववू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. मात्र २०२२ च्या एका निकालानुसार अशी अट होती हे दाखवावे लागते. बक्षीसपत्र करताना मुलाकडून अट लिहून घेण्याचा संकोच किती आईबाप मोडतील? त्यासाठी नोंदणीआधी कोणीतरी तिऱ्हाईत जाणकार शेजारी बसलेला हवा.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१६ मध्ये ज्येष्ठांसाठी योजना आखली आहे. १४५६७ ही मदतवाहिनी आहे. चेन्नईच्या गिंडी भागात वृद्धांसाठी राष्ट्रीय केंद्रही उभे राहिले. २०११ च्या जनगणनेत तमिळनाडूत साठीपुढील लोक १०.४ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९ टक्के. दोन्ही राज्यांत प्राधिकरणाचा एक वकील आठवड्यातून एकदा वृद्धांच्या बाह्यरुग्ण विभागात बसवता येईल. त्याला नवी इमारत लागत नाही, एक टेबल आणि तीन खुर्च्या पुरतात. तिसरी खुर्ची मुलासाठी. त्याला परदेशातून यायला जमले तर.